दशैंला कोण घरी जातं? सोलापूरच्या एका तरुण संघाच्या नेपाळ सेवाफेरीचं प्रकरण

हे प्रकरण सोलापुरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. घटनांचा क्रम बदललेला नाही. मी त्या वेळी संघाची सल्लागार होते. पुढे ज्या चुका सांगणार आहे त्यांतल्या निम्म्यांवर माझीही सही आहे.

पार्श्वभूमी

आमची मंडळी दीडशे-पावणेदोनशे घरांची. तरुण संघात कागदावर चाळीस नावं, हजर असतात पंचवीस. कुणी गणवेशाच्या कारखान्यात, कुणी टॉवेलच्या शोरूममध्ये, दोघी-तिघी नर्सिंगला, काही स्पर्धा परीक्षेच्या नादात. शनिवारी संध्याकाळी विडी कामगारांच्या एका वस्तीत हा संघ मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. सहा वर्षं झाली, अजून चालू आहे. म्हणजे पोरं काही निव्वळ गिटार वाजवणारी नव्हती, हे आधी सांगून ठेवते.

2022 च्या सप्टेंबरात एका तरुण शिबिरात आमच्या अध्यक्षाची नेपाळातल्या एका बालगृहाच्या संचालकांशी ओळख झाली. गृहस्थ हसतमुख, हिंदी-इंग्रजी दोन्ही अस्खलित. त्यांच्या मोबाइलमध्ये तेवीस मुलांचे फोटो, प्रत्येकाखाली नाव आणि दोन ओळींची करुण कहाणी. त्यांनी आमंत्रणच दिलं : मे महिन्यात या, दहा दिवस राहा, मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा घ्या, भिंती रंगवा, कपडे वाटा. अध्यक्ष चोवीस वर्षांचा. परतीच्या गाडीतच त्याने चौदा जणांची यादी केली.

नोव्हेंबरात कापणीचा सण आला. उपासनेनंतरच्या लिलावात भोपळे, नारळ, जोंधळ्याची पोती निघाली. एक कोंबडा चौदाशेला गेला, कारण दोन व्याह्यांत ईर्ष्या लागली. भगिनी मंडळाने कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा स्टॉल लावला. त्या दिवशी एकसष्ट हजार जमले. स्टॉलच्या मागे फ्लेक्स होता. त्यावर सात-आठ वर्षांच्या मुलीचा चेहरा, तिचं नाव, वय, आणि खाली ठळक अक्षरात 'हिला कोणी नाही'. फ्लेक्सचा मजकूर मी तपासला होता. शुद्धलेखन तपासलं होतं, एवढंच.

अडचण कशी उभी राहिली

डिसेंबरात पंच कमिटीसमोर विषय आला तेव्हा विरोध होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पहिला आवाज खजिनदारकाकांचा. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, बोलणं मोजकं. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. विडी वस्तीतल्या वर्गाला पंखा नाही आणि आपण नेपाळला निघालो." यावर अध्यक्ष तडकला. वर्गाला पंखा नाही म्हणणाऱ्यांपैकी किती जण त्या वर्गात एकदा तरी आले, असं त्याने विचारलं. कमिटीत शांतता पसरली. मुद्दा दोघांचाही खरा होता, म्हणून तो तिथेच राहिला.

मग अध्यक्षाने डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव काढलं. सोलापुरात हे नाव काढलं की समोरच्याची पंचाईत होते. भैया चौकातल्या स्मारकावरून आम्ही सगळेच जातो-येतो. सोलापूरचा मुलगा 1938 मध्ये चीनला जाऊ शकतो, तर 2023 मध्ये आम्ही नेपाळला का नाही? खजिनदारकाका म्हणाले, "त्यांना बोलावणं आलं होतं. ते डॉक्टर होते. चार वर्षं राहिले, तिथली भाषा शिकले आणि 1942 मध्ये तिथंच वारले. तू दहा दिवस जाणार. भिंत रंगवणार. तिथं रंगारी नाहीत का?"

हा टोला होता, पण पुढच्या सगळ्या चर्चेचा सांगाडा त्यातूनच निघाला : बोलावलं कोणी, आपल्याला करता येतं काय, आणि राहणार किती दिवस.

दोन अडचणी कायद्याच्या होत्या. पहिली पैशाची. मंडळीचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे. अशा न्यासाने भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय आयकरात सूट मिळत नाही. लिलावाचे एकसष्ट हजार न्यासाच्या पावतीवर घेतलेले, म्हणजे ते नेपाळवर खर्चायचे तर हिशेबात गुंता. दुसरी अडचण पाळकसाहेबांनी मांडली. नेपाळच्या संविधानात आणि ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे. कलम 158 प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. "आपण कपडे वाटू आणि गाणी शिकवू," पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या मनात काही नसेल. पण तक्रार झाली तर आपण सोलापुरात असू आणि उत्तरं तिथल्या मंडळीला द्यावी लागतील." गाणी, कोडी आणि वचनपाठाची आमची सगळी आखणी या एका वाक्यात अडकली.

तिसरी अडचण कमिटीत आलीच नाही. ती नाताळच्या फराळाच्या वेळी आली.

आमच्या मंडळीत दोन वर्षांपासून एक नेपाळी कुटुंब येतं. माणूस होटगी रोडवरच्या एका हॉटेलात आचारी. मागच्या बाकावर बसतो, उपासना संपली की ड्यूटीवर पळतो. पोरं त्याला 'बहादूर' म्हणायची. त्याचं नाव बहादूर नाही. नेपाळची सेवाफेरी ठरली, पैसे जमले, फ्लेक्स लागला, आणि मंडळीतल्या एकुलत्या एका नेपाळी माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी तो चकलीची बशी हातात धरून फ्लेक्ससमोर उभा होता. मला म्हणाला, "मॅडम, ही पोरं दशैंला कुठं जातात?"

मला दशैं म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. आपल्या दसऱ्याच्या सुमाराचा त्यांचा सर्वांत मोठा सण. माणूस दुबईत असला तरी घरी यायला बघतो. "ज्याला कुणी आहे तो दशैंला घरी जातो. कुणी नसलेली पोरं तिथंच राहतात. विचारून बघा ना."

समोर असलेले पर्याय

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सात जण दोन संध्याकाळी बसलो.

ठरल्याप्रमाणे जायचं, हा पहिला पर्याय. त्याच्या बाजूने उत्साह होता, आणि दिलेला शब्द होता. दुसरा, फेरी रद्द करून पैसे बालगृहाला पाठवायचे. खजिनदारकाकांच्या हिशेबात चौदा जणांचा खर्च माणशी साडेचौदा हजार, म्हणजे दोन लाख तीन हजार होत होता. मुलांच्या हाती लागणार होते त्यातले जेमतेम तीस हजार. पण पाठवायचे कशासाठी, याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. तिसरा पर्याय सोलापुरातच काम वाढवायचा. हा सगळ्यांत शहाणा वाटायचा आणि त्यामुळेच संशयास्पदही, कारण तो मांडणाऱ्यांना प्रत्यक्षात काहीच करायचं नव्हतं. चौथा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलीने सुचवला : आधी दोघांनी जाऊन बघून या. त्यावर "बघायलाच पंचवीस हजार?" असा सूर निघाला. तीस हजारांचे कपडे न बघता न्यायला कुणाची हरकत नव्हती, हे तिनेच लक्षात आणून दिलं.

तोपर्यंत मी थोडं वाचलंही होतं. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर युनिसेफने सांगितलं होतं की नेपाळमध्ये पंधरा हजारांहून अधिक मुलं संस्थांमध्ये राहतात आणि त्यांतल्या निदान 85 टक्के मुलांचे आई-वडील दोघे किंवा दोघांपैकी एक हयात आहे. त्याआधी, 1996 ते 2006 च्या यादवीच्या काळात, कर्णालीतल्या हुमलासारख्या दुर्गम भागातून दलालांनी शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं काठमांडूत आणली आणि ती 'अनाथ' म्हणून पाहुण्यांसमोर उभी राहिली, हेही नोंदलेलं आहे. म्हणजे आचाऱ्याचा प्रश्न चकलीबरोबर सहज आलेला नव्हता.

या चर्चेत एक आवाज वेगळा निघाला, तो नोंदवायलाच हवा. भगिनी मंडळातल्या सर्वांत वयस्कर बाई म्हणाल्या, "माझी आई मिशनच्या बोर्डिंगात वाढली. बाप गावाकडं जिवंत होता. बोर्डिंगनं शिकवलं म्हणून ती मास्तरीण झाली आणि मी इथं बसलेय. तेव्हा बोर्डिंगला नावं ठेवताना जरा जपून." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण बाप वारला तेव्हा तिला त्याची बोलीसुद्धा नीट समजत नव्हती. हे ती आम्हाला म्हातारपणी सांगायची." या बोलण्याने वादाचा निकाल लागला नाही, पण आमची भाषा बदलली. बालगृह चांगलं की वाईट हा प्रश्न बाजूला पडून, त्या मुलांचे आई-बाप कुठे आहेत हा समोर आला.

पाहणीला दोघांनी जायचं ठरलं : अध्यक्ष आणि मी. खर्च ज्याचा त्याने.

पाहणी

कल्याणहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून बसने सुनौली, सीमा पायी ओलांडून काठमांडूची बस. जाण्यातच तीन दिवस गेले. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं; प्रौढांचं आधार कार्ड मात्र चालत नाही, हे अध्यक्षाला गोरखपूरला कळलं. नशिबाने त्याच्या पाकिटात मतदार कार्ड होतं. नोटाही शंभरापर्यंतच्याच, दोनशे-पाचशेच्या भारतीय नोटांवर तिकडे डिसेंबर 2018 पासून बंदी होती. आणि पाट्या! अक्षरं आपलीच, वाचता येतात, आणि तिथेच फसायला होतं. एका नगरपालिकेत 'शिक्षा शाखा' अशी पाटी वाचून अध्यक्ष हबकला. तिकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. मी शिक्षिका असल्याने मला त्यात फार मोठा फरक वाटला नाही.

बालगृह काठमांडूच्या कडेला, तीन मजली, स्वच्छ. मुलांनी हातवारे करत स्वागतगीत म्हटलं. दोनच मिनिटांत एक चार-पाच वर्षांचं पोर माझ्या मांडीवर चढून बसलं आणि गळ्यातली साखळी चाचपायला लागलं. अध्यक्षाचे डोळे भरून आले. माझ्या वर्गात बालवाडीचं पोर अनोळखी बाईकडे पहिल्या दिवशी असं येत नाही. ते आईच्या पदराआड लपतं. भेटवही चाळली तर दर पंधरा-वीस दिवसांनी नवा गट, नवा देश, त्याच आशयाचं वाक्य. आमचंही वाक्य तिथे लिहायला जागा सोडलेली होती.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता मी तिथल्या काळजीवाहू दिदींना विचारलं, दशैंला किती मुलं घरी गेली होती? त्यांना प्रश्नात काही वावगं वाटलं नाही. "उन्नाइस जना." एकोणीस. उरलेल्या चार जणांपैकी दोघांच्या घरून प्रवासखर्च आला नाही म्हणून ती राहिली. फ्लेक्सवरच्या मुलीबद्दल विचारलं. तिची आई सिंधुपाल्चोक जिल्ह्यात शेतमजुरी करते, दर महिन्याला फोन येतो.

संचालकांशी बोलणं सोपं नव्हतं. ते ओशाळले नाहीत. म्हणाले, "मॅडम, अनाथ म्हणजे गरीब असं समजा. गावातल्या आईला मुलाला शाळेत घालायला पैसे द्या म्हटलं तर कुणी देत नाही. अनाथ म्हटलं की देतात. तुम्हीपण अनाथ म्हटलं तेव्हाच आलात ना?" मला या वाक्याचं उत्तर तेव्हा सुचलं नाही. मुलांना मारझोड होते, उपाशी ठेवतात, असं काही आम्हाला दिसलं नाही. शाळेत जात होती, अंगावर स्वेटर होते. पण तेवीस मुलं घराबाहेर होती, आणि त्याला आमच्यासारख्यांच्या येण्या-जाण्याचा हातभार होता.

परतताना रुपन्देही जिल्ह्यात उतरलो. आमच्या मंडळीतल्या आचारीदाजूंच्या (दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ) मेहुण्याचं गाव बुटवलपासून तासाभरावर, तराईत. त्यांनी आग्रहाने सांगितलं होतं, एक रात्र तरी थांबा. तिथे गावच्या सामुदायिक विद्यालयाचे हेडसर भेटले. आम्ही विचारलं, गणवेश आणू का? ते हसले. गणवेश बुटवलला मिळतो, म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, मी एकटी असताना, तिथल्या एका शिक्षिकेने सांगितलं की सहावी ते आठवीच्या मुली महिन्यातले तीन-चार दिवस येतच नाहीत. संडासाला कडी नाही, दिवा नाही, आणि पॅडला पैसे नाहीत. "तुमच्याकडे कुणी शिवणारं आहे का?"

आमच्याकडे तेवढं तर नक्की होतं.

निर्णय

फेब्रुवारीत कमिटीने चार गोष्टी ठरवल्या. बालगृहाची फेरी रद्द, आणि तसं संचालकांना कारणासह पत्राने कळवायचं. लिलावाचे पैसे न्यासातच राहतील, त्यातून विडी वस्तीच्या वर्गाला पंखे (खजिनदारकाकांचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता). नेपाळला जाणारे स्वतःच्या खिशातून जातील, आणि ज्याच्या हातात तिथे लागणारं काम आहे तोच जाईल. चौथी गोष्ट : बायबल शाळा नाही, पत्रकं नाहीत. तिथल्या मंडळीच्या उपासनेला मात्र बसायचं, पाहुणे म्हणून.

चौदाचे सहा झाले. गणवेशाच्या कारखान्यात कटिंग करणारी ताई, नर्सिंगची मुलगी, एक आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, शिवणकाम येणाऱ्या आणखी एक बाई, अध्यक्ष आणि मी. अठराच्या आतलं कुणी नाही असंही ठरलं. दोन सतरा वर्षांच्या मुलांनी मुख्याध्यापकांकडून ओळखपत्राचा दाखलाही आणून ठेवला होता. त्यांच्या घरच्यांनी वर्षभर आमच्याशी धड बोलणं केलं नाही. गळालेल्या आठांपैकी तिघांनी संघच सोडला.

अध्यक्षाने मला विचारलं होतं, "मॅडम, मला शिवता येत नाही, वायरिंग येत नाही. मी कशाला येऊलालोय?" मी म्हटलं, गठ्ठे उचलायला. तो आला आणि त्याने खरंच गठ्ठे उचलले.

मे महिन्यातले नऊ दिवस

गठ्ठे म्हणजे सोलापूरचं टेरी, टॉवेलचं कापड. एका कारखानदाराने टॉवेलचा सेकंड माल दिला, पंचवीस किलो. धुऊन वापरायच्या कापडी पॅडमध्ये शोषणारा थर म्हणून टेरी घालायचं, ही कटिंगवाल्या ताईंची कल्पना. आम्हा सगळ्यांना ती फारच आवडली. सोलापूरचा टॉवेल आणि सेवा, दोन्ही एकाच गठ्ठ्यात.

भैरहवाच्या भन्सारवर, म्हणजे जकात नाक्यावर, तो गठ्ठा अडला. बिल कुठाय? माल दानात मिळालेला, बिल कशाचं असणार? पाच तास गेले. शेवटी अंदाजे किंमत लावून शुल्क भरलं. अधिकारी सौजन्याने वागला. घरून निघताना साधी चौकशी न करणारे आम्हीच होतो.

दुसरी फजिती स्वेटरची. जानेवारीत काठमांडूत कुडकुडून आलेल्या अध्यक्षाने सगळ्यांना बजावलं होतं, नेपाळ म्हणजे थंडी. मे महिन्यातली तराई म्हणजे सोलापूरच, वर डास फुकट. सहा जणांचे अकरा स्वेटर नऊ दिवस पिशवीत उकडत राहिले.

कामाचं सांगायचं तर पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. आम्ही शनिवारी पोचलो. तिकडे शनिवार सुट्टीचा, मंडळीची उपासनाही शनिवारीच. रविवारी शाळा भरली, पण आमा समूहाच्या, म्हणजे गावच्या महिला मंडळाच्या, बाया शेतावर. आम्ही व्हरांड्यात बसून. घरी असतं तर हे दोन दिवस पोरांनी खेळ आणि गाणी घेऊन भरून काढले असते. इथे तसं करायचं नाही असं ठरलेलं, म्हणून नुसतं बसणं भाग होतं, आणि तेच सगळ्यांना जड गेलं. इलेक्ट्रिशियन तेवढा सुखी होता. त्याने संडासात दोन दिवे लावले, कड्या बसवल्या, आणि शाळेच्या मुख्य स्विचबोर्डातली उघडी वायर झाकली. त्याला भाषा लागलीच नाही.

सोमवारपासून अकरा बाया यायला लागल्या. शाळेच्या दोन जुन्या पायमशीन होत्या, तिसरी आम्ही बुटवलहून घेतली, मोटार लावलेली. ताई कापायची, बाया शिवायच्या. तिथल्या थारू समाजाच्या बोलीत आणि सोलापुरी हिंदीत जे काही चाललं होतं ते दोन्ही बाजूंना समजत होतं. नर्सिंगच्या मुलीने मुलींचे दोन तास घेतले. शेजारी तिथली शिक्षिका बसलेली, बोलत तीच होती, आमची मुलगी फक्त चित्रं धरायची. हा बदल तिनेच आयत्या वेळी केला. या सगळ्या फेरीत मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट हीच. मुलींना उद्या काही विचारायचं झालं तर त्या कुणाला विचारणार?

फोटो फक्त मशीनचे, कापडाचे आणि मोठ्या माणसांचे, तेही विचारून. परतल्यावर मंडळीत दाखवायला मुलांचे फोटो नाहीत म्हणून कुरकुर झाली. "मग तुम्ही तिथं केलं काय?" असं एका पंचांनी सरळ विचारलं.

निष्पत्ती

त्या वर्षीच्या दशैंपर्यंत गावात पॅडचे एकशे चाळीस संच शिवून झाले, शाळेतल्या मुलींना मिळाले. अकरापैकी चार बाया अजून शिवतात आणि थोडे संच बाजारात विकतातही. मुलींची हजेरी वाढली का? शिक्षिका म्हणते, थोडी. पण दिव्यामुळे की पॅडमुळे, हे तिलाही सांगता येत नाही. कडी दोनदा तुटली, दोन्ही वेळा गावातल्या सुताराने बसवली.

टेरीचं मात्र हसू झालं. जाड टॉवेल पावसाळ्यात वाळेचना, वास यायला लागला. भाद्रपदातच बायांनी तो थर काढून बुटवलच्या बाजारातलं फ्लानेल घातलं आणि आम्हाला काही कळवलं नाही. वाईट वाटेल म्हणून. आचारीदाजूंच्या मेहुण्याकडून चार महिन्यांनी कळलं. उरलेल्या टेरीची शाळेत फडकी झाली. मोटारीचं मशीनही बंद आहे. वीज असते, पण मोटार जळली आणि दुरुस्ती बुटवललाच होते. पायमशीन चालू आहेत.

बालगृहाच्या संचालकांनी आमच्या पत्राला उत्तर दिलं नाही. त्या मुलांचं पुढे काय झालं, त्या मुलीची आई अजून दर महिन्याला फोन करते का, हे आम्हाला कळलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

आचारीदाजूंना सप्टेंबरातच विचारता आलं असतं. एका चहाचा खर्च. आम्ही त्यांना 'कामाला आलेला माणूस' या खणात ठेवलं होतं आणि संचालकांना 'सेवक' या खणात, कारण संचालक इंग्रजीत बोलत होते आणि त्यांच्याकडे फोटो होते. आता नव्या कामाच्या बैठकीला दाजू असतात. पोरं त्यांना नावाने हाक मारतात, पुढे दाजू लावून.

फ्लेक्सची चूक अधिक मोठी वाटते. एका लहान मुलीचं नाव, चेहरा आणि 'हिला कोणी नाही' हे धडधडीत खोटं आम्ही भाकरीच्या स्टॉलमागे टांगलं. जानेवारीत कळल्यावर फ्लेक्स उतरवला, ग्रुपवरचे फोटो काढायला लावले. पण मंडळीसमोर उभं राहून 'आम्ही चुकीचं सांगितलं होतं' असं म्हणायला आम्ही जूनपर्यंत वेळ लावला. तोवर एकसष्ट हजारांचे देणारे त्याच समजुतीत होते. अध्यक्षाचं म्हणणं, हे मी सांगायला हवं होतं. माझं म्हणणं, त्याने. शेवटी पाळकसाहेबांनी सांगितलं, आणि आम्हा दोघांपैकी कुणीच आपलं काम केलं नाही, असं झालं.

बालगृहाविषयी कुणाला कळवायचं होतं का? नेपाळच्या 2018 च्या बालविषयक कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे. तिथे 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, राष्ट्रीय बाल अधिकार परिषद आहे. आमच्याकडे अत्याचाराचा पुरावा नव्हता, पण एकोणीस जणांना घर आहे ही माहिती होती. काठमांडूतले एक ओळखीचे पाळक म्हणाले, मी वडा कार्यालयात, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, बोलतो. आम्ही हायसं वाटून घेतलं आणि पुन्हा विचारलं नाही. त्या रात्री लॉजवर बसून मी दिदींनी सांगितलेलं तारीखवार लिहून काढायला हवं होतं. लिहिलं नाही. थंडी होती आणि सकाळची बस होती, एवढंच कारण.

सहा जणांनी नऊ दिवस जाणंही जास्तच होतं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. खजिनदारकाकांच्या मते ताई आणि इलेक्ट्रिशियन, दोघेच पुरे होते. ताईंच्या मते तर त्यांचीही गरज नव्हती. त्या गावातल्या एखादीला बुटवलला पंधरा दिवस शिवणवर्गाला घातलं असतं तर फ्लानेल पहिल्याच दिवशी आलं असतं. नर्सिंगची मुलगी हे मानत नाही. ती म्हणते, तिथल्या शिक्षिकेने पहिल्यांदा तोंड उघडलं ते परक्या बाईजवळ, गावातल्या कुणाजवळ नाही. दोघींचं बोलणं मी बैठकीच्या वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे.

या दिवाळीच्या सुट्टीत ताई एकट्याच जाणार आहेत, दाजूंच्या बायकोबरोबर. मोटारीचा आर्मेचर सोलापुरात भरून घेतला आहे. या वेळी बिल आहे.